इसे जिंगूची यात्रा : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

जपानला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी क्योतोला फुशिमी इनारीच्या शेंदरी तोरींखालून, म्हणजे कमानींखालून, चालून येतात आणि शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवस्थान पाहून झाले असे मानतात. ते ठिकाण सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु शिंतो परंपरेत ज्या देवस्थानाचा मान सर्वांत मोठा, ते मिए प्रांतातील इसे शहरात आहे, आणि ते एक तर प्रवासाच्या यादीतून सुटते किंवा घाईघाईत उरकले जाते. घाईने जाऊन आलेल्यांकडून मी नेहमी एकच तक्रार ऐकतो : ‘एवढ्या लांब गेलो, पण देऊळ काही दिसलेच नाही.’ तक्रार खरी आहे. मुख्य देऊळ चार कुंपणांच्या आत असते आणि सर्वसामान्य यात्रेकरूला छपराचा वरचा भाग तेवढा दिसतो. मात्र हे आधीच ठाऊक असेल, कोणत्या क्रमाने चालायचे, कुठे थांबायचे आणि आपल्याकडच्या देवळांतील कोणत्या सवयी तेवढ्यापुरत्या बाजूला ठेवायच्या याची कल्पना असेल, तर इसेचा दिवस फार समाधानाचा जातो. नोकरीनिमित्त नागोयात राहत असताना घरच्या पाहुण्यांना घेऊन मी तिथे वारंवार गेलो आहे. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी असावीत, म्हणून हा लेख.

१. जाण्यापूर्वी एवढे समजून घ्या

आपण ज्याला इसेचे देवस्थान म्हणतो त्याचे अधिकृत नाव नुसते ‘जिंगू’ असे आहे. ती एक वास्तू नसून लहानमोठ्या १२५ देवळांचा समूह आहे. त्यांतली मुख्य दोन : नाइकू, म्हणजे आतले देवस्थान, जिथे सूर्यदेवता आमातेरासु ओमिकामी हिची पूजा होते, आणि गेकू, म्हणजे बाहेरचे देवस्थान, जिथे तोयोउके ओमिकामी ही अन्नाची देवता आहे. आमातेरासु ही जपानच्या सम्राट घराण्याची मूळ पूर्वज मानली जाते आणि तिच्या नैवेद्याची जबाबदारी तोयोउकेकडे आहे. परंपरेनुसार नाइकूची स्थापना सुमारे २,००० वर्षांपूर्वी आणि गेकूची सुमारे १,५०० वर्षांपूर्वी झाली. दोन्हींच्या मध्ये चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे, हे वेळापत्रक आखताना विसरू नये.

नाइकूत मूर्ती नाही. तिथे पूज्य आहे तो याता नो कागामी हा पवित्र आरसा, सम्राटपदाच्या तीन राजचिन्हांपैकी एक, आणि तो कोणालाही दाखवला जात नाही. त्यामुळे आपण ज्याला दर्शन म्हणतो, देवाची आणि आपली दृष्टादृष्ट होणे, ते इथे घडत नाही. यात्रेकरू बाहेरच्या कुंपणाच्या दारात, पांढऱ्या पडद्यासमोर उभा राहतो, नमस्कार करतो आणि बाजूला होतो. सोबत आई-वडील किंवा सासू-सासरे असतील तर ही गोष्ट त्यांना आदल्या रात्रीच शांतपणे सांगून ठेवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे इथली देवळे एकाच वेळी अतिप्राचीनही आहेत आणि नवीही. दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तंतोतंत तसेच नवे देऊळ उभारले जाते, रात्रीच्या अंधारात देवता तिथे नेली जाते आणि जुने देऊळ उतरवले जाते. या विधीला शिकिनेन सेंगू म्हणतात. सम्राज्ञी जितो हिच्या काळात, इ. स. ६९० मध्ये नाइकूचे आणि ६९२ मध्ये गेकूचे पहिले सेंगू झाले. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीमुळे शंभराहून अधिक वर्षांचा खंड पडला, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ चे सेंगू १९५३ पर्यंत पुढे गेले, तरी परंपरा तुटली नाही. बासष्टावे सेंगू ऑक्टोबर २०१३ मध्ये झाले, त्रेसष्टावे २०३३ मध्ये होईल आणि त्याच्या तयारीचे विधी २०२५ पासून सुरूही झाले आहेत. केवळ इमारत नवी होत नाही. देवतेची वस्त्रे, शस्त्रे, आरसे, विणकामाची साधने अशा ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तू जुन्या पद्धतीने नव्याने घडवल्या जातात. त्यामुळे सुतार, विणकर, लोहार यांच्या एका पिढीचे कसब पुढच्या पिढीच्या हातात जाते. हे लक्षात ठेवून गेलात तर लाकडाच्या त्या साध्या, रंग न दिलेल्या भिंतींकडे पाहण्याची तुमची नजरच बदलेल.

२. दिवस आणि वेळ ठरवा

देवस्थान रोज पहाटे ५ वाजता उघडते. बंद होण्याची वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलते : जानेवारी ते एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये संध्याकाळी ६, मे ते ऑगस्टमध्ये ७ आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ५. हिवाळ्यात दुपारी उशिरा पोहोचणाऱ्यांची नाइकूची भेट हमखास अर्धवट राहते. प्रवेशशुल्क कुठेही नाही.

माझे स्पष्ट मत असे, की इसेत एक रात्र मुक्काम करावा आणि पहाटे निघावे. सकाळी सहा-साडेसहाला गेकूच्या वाटेवर स्वतःच्या पावलांखाली वाजणारी वाळू-खडी ऐकू येते. अकरानंतर सहलींच्या बसगाड्या येऊ लागल्या की फक्त माणसे ऐकू येतात. तोक्योहून शिंकान्सेन या अतिजलद रेल्वेने नागोया आणि तिथून इसे, असा एका बाजूचा प्रवासच साधारण साडेतीन तासांचा होतो. तो एका दिवसात जाऊन-येऊन करण्याच्या फंदात पडू नये.

नव्या वर्षाचे पहिले काही दिवस टाळावेत, कारण त्या दिवसांत साऱ्या जपानातून लोक येतात आणि रस्त्यांवर वाहतुकीचे निर्बंध असतात. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, त्यानंतर दमट उकाडा, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची शक्यता असते. वर्षातला सर्वांत मोठा उत्सव म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावरचा कान्नामेसाइ. त्या वर्षीचा नवा तांदूळ प्रथम देवतेला अर्पण करण्याचा हा विधी १५ ते १७ ऑक्टोबर या दिवसांत गेकूत आणि मग नाइकूत होतो. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास नाइकूच्या पुलावरील तोरीच्या बरोबर मधून सूर्य उगवतो. तो पाहण्यासाठी मोठी गर्दी जमते, पण दृश्य त्या योग्यतेचे आहे.

आणखी एक सूचना. शिंतो परंपरेतही मृत्यूचे सुतक मानतात. घरात अगदी जवळच्या व्यक्तीचे निधन झाले असेल तर साधारण ५० दिवस देवस्थानात न जाण्याचा रिवाज आहे. दारात कोणी विचारत नाही, पण जपानी स्नेह्यांसोबत जाणार असाल तर हे त्यांना आधी सांगणे योग्य ठरते.

३. कागदपत्रे आणि सोबत न्यायचे सामान

देवस्थानात प्रवेशासाठी कोणतेही कागदपत्र लागत नाही. भारतातून जाणाऱ्यांना जपानचा पर्यटक व्हिसा अर्थातच लागतो. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्ये जपानच्या मुंबई येथील वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना अल्पकालीन पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळू लागला आहे. त्यात एक अडचण आहे जी अनेकांच्या लक्षात येत नाही : विमानतळावर हा व्हिसा इंटरनेट जोडलेल्या फोनवर थेट उघडून दाखवावा लागतो, त्याची छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. फोनची बॅटरी आणि इंटरनेट यांची सोय त्यानुसार करून ठेवा.

व्हिसाच्या अर्जासाठी साधारणपणे पासपोर्ट, छायाचित्र, भरलेला अर्ज, दिवसवार प्रवासाचा आराखडा, विमानाचे आणि निवासाचे आरक्षण, बँकेचे विवरण, प्राप्तिकर विवरणपत्र आणि नोकरी असल्यास कार्यालयाचे पत्र लागते. आराखड्यात इसेचा मुक्काम स्पष्ट लिहा.

यात्रेच्या दिवशी जवळ असावे असे सामान :

– मूळ पासपोर्ट. जपानमध्ये परदेशी पर्यटकाने तो सतत बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे.
– सुटी नाणी आणि थोडी रोकड.
– हातरुमाल. हात धुण्याच्या जागी पुसायला काही ठेवलेले नसते.
– चालायला सोयीचे बंद बूट. दोन्ही ठिकाणी वाट जाड खडीची आहे.
– छत्री आणि पाण्याची बाटली.
– गोशुइन हवी असेल तर त्यासाठीची कोरी वही. तिच्याबद्दल पुढे येईल.

पोशाख नीटनेटका आणि अंगभर असला म्हणजे पुरे; साडी, सलवार-कमीज, साधी विजार-सदरा, काहीही चालते. मोठ्या बॅगा इसे-शि किंवा उजि-यामादा स्थानकावरील लॉकरमध्ये ठेवाव्यात. चाकांची बॅग खडीवरून ओढत नेणे स्वतःला आणि इतरांनाही त्रासाचे होते.

४. इसेला पोहोचा

नागोयाहून दोन मार्ग आहेत. किंतेत्सु या खासगी रेल्वेची मर्यादित थांब्यांची जलद गाडी सुमारे ८० ते ९० मिनिटांत इसे-शिला पोहोचवते. तिला मूळ तिकिटाखेरीज जलद गाडीचे वेगळे तिकीट काढावे लागते; केवळ प्रवासाचे प्रीपेड कार्ड टेकवून आत गेलात तर गाडीत उरलेले पैसे भरावे लागतील. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून हीच रेल्वे पावणेदोन तासांच्या आसपास, तर क्योतोहून दोन तासांच्या आसपास घेते.

दुसरा मार्ग जेआर रेल्वेच्या ‘मिए’ नावाच्या जलद गाडीचा. जेआर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीचा या रेल्वेचा पास, घेतलेले प्रवासी हाच मार्ग निवडतात आणि इथेच फसतात, कारण या मार्गातला एक टप्पा इसे रेल्वे या वेगळ्या कंपनीच्या रुळांवरून जातो आणि त्या टप्प्याचे भाडे पासमध्ये धरलेले नसते. गाडीतला कंडक्टर ते मागतो. त्यात दंड वगैरे काही नसतो, सुटे पैसे काढून द्यावेत. किंतेत्सुवर हा पास मुळीच चालत नाही.

इसे-शि स्थानकावर उतरलात की गेकू पायी पाच-सात मिनिटांवर, समोरच्या रस्त्याच्या टोकाला आहे. नाइकूसाठी इथून पुढे बस लागते. रस्त्यावरच्या घरांच्या दारांवर बारकाईने पाहा : गवताच्या पिळाचे दोर, त्यात हिरवी पाने आणि मधोमध अक्षरे लिहिलेली लाकडी पाटी. जपानच्या इतर भागांत असे दोर फक्त नववर्षाच्या दिवसांत लावतात. इसेत ते वर्षभर दारावर असतात.

५. आत शिरण्याचे आणि नमस्काराचे नियम आधीच पाठ करा

हे नियम अवघड नाहीत. फक्त पडद्यासमोर उभे राहिल्यावर शोधत बसू नयेत, म्हणून आधी वाचून ठेवायचे.

तोरी, म्हणजे देवस्थानाच्या सीमेवरची लाकडी कमान, लागली की टोपी काढावी, क्षणभर थांबावे, किंचित झुकून नमस्कार करावा आणि मग आत जावे. परत येताना बाहेर पडल्यावर मागे वळून पुन्हा तसेच करावे. वाटेच्या मधोमध चालू नये. ती देवतेची वाट समजली जाते. गेकूत डाव्या बाजूने आणि नाइकूत उजव्या बाजूने चालण्याचा प्रघात आहे.

पाण्याच्या कुंडाशी उजव्या हातात पळी घेऊन एकदाच पाणी भरावे आणि तेवढ्यात सगळे करावे. आधी डावा हात धुवावा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा पळी उजव्या हातात घ्यावी, डाव्या ओंजळीत थोडे पाणी घेऊन चूळ भरावी, डावा हात परत धुवावा आणि उरलेले पाणी दांड्यावरून ओघळेल अशी पळी उभी करून ती जागेवर पालथी ठेवावी. पळीला तोंड लावू नये, चूळ कुंडात टाकू नये. ती बाहेरच्या चरात टाकावी.

देवळासमोर दोनदा कमरेतून वाकून नमस्कार, दोन टाळ्या, हात जोडून मनातली प्रार्थना आणि शेवटी एकदा वाकून नमस्कार. इसेच्या मुख्य देवळांत घंटा नाही. नाणे टाकायचे असेल तर पुढे पांढरे कापड अंथरलेले असते, त्यावर हलकेच ठेवल्यासारखे टाकावे. दुरून फेकू नये. पूर्वी मुख्य देवळात स्वतःच्या वतीने अर्पण करण्याचा अधिकार केवळ सम्राटाला होता. त्या परंपरेमुळे आजही जपानी लोक इथे नोकरी, लग्न, परीक्षा असले वैयक्तिक मागणे मागत नाहीत; आभार मानतात. मागायचे असेल तर मुख्य देवळानंतर येणाऱ्या देवळांत मागतात.

आता आपल्या सवयींबद्दल. नारळ, हार, फुले, पेढे यांपैकी काहीही नेऊ नका; ते स्वीकारले जात नाही आणि कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो. चपला-बूट काढायचे नाहीत. देवळाभोवती प्रदक्षिणा घालता येत नाही, तसा मार्गच नाही. प्रसाद किंवा तीर्थ मिळत नाही. पायरीला हात लावून कपाळाला लावणे, मोठ्याने स्तोत्र म्हणणे, उदबत्ती लावणे हेही टाळावे. मनातल्या मनात गायत्री म्हणा, कोणाची हरकत नाही. समोर सूर्यदेवताच आहे.

६. आधी गेकू

प्रथम गेकू आणि मग नाइकू हा क्रम जुना आहे. देवस्थानातील विधीही याच क्रमाने होतात. दोहोंपैकी एकाच ठिकाणी जाऊन परतणे जपानी लोक अपुरी यात्रा मानतात. वेळ कमी पडला की बाहेरचे प्रवासी गेकू गाळतात, आणि मला ते फार चुकीचे वाटते. इसे समजून घ्यायला गेकू अधिक सोपे आहे.

पूल ओलांडून दोन तोरींखालून चालत गेले की मुख्य देऊळ, म्हणजे शोगू लागते. नमस्कार करून बाहेर आल्यावर शेजारची मोकळी जागा पाहा. गोट्यांनी आच्छादलेल्या त्या सपाट पटांगणात एक छोटी लाकडी खोपटी तेवढी उभी आहे. २०१३ पर्यंत देऊळ तिथे होते, आणि त्याच्या मध्यखांबाची जागा त्या खोपटीने झाकून ठेवली आहे. पुढचे देऊळ तिथेच उभे राहणार आहे. कुंपणावरून दिसणाऱ्या छपरावर नजर टाका : आढ्यावर आडवे ठेवलेले नऊ गोल ओंडके, आणि दोन्ही टोकांना एकमेकांना छेदून आकाशात गेलेले वासे. गेकूत त्या वाशांची टोके उभी कापलेली असतात. हे लक्षात ठेवा, नाइकूत उपयोगी पडेल.

शोगूनंतर ताका नो मिया हे उंचावरचे देऊळ. त्याला ९८ दगडी पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालूनच नमस्कार केला तरी चालतो. खाली त्सुचि नो मिया आणि काझे नो मिया ही देवळे आहेत. काझे नो मिया वाऱ्याच्या देवतांचे आहे. १२७४ आणि १२८१ मध्ये जपानवर चालून आलेले मंगोल आरमार वादळात सापडले, त्याचे श्रेय या देवतांना देऊन १२९३ मध्ये या देवळाचा दर्जा वाढवण्यात आला.

गेकूत दिवसातून दोनदा आमातेरासूसह इतर देवतांना नैवेद्य दाखवला जातो आणि हा क्रम सुमारे १,५०० वर्षे चालू आहे. लाकडावर लाकूड घासून अग्नी पेटवतात, विहिरीचे पाणी आणतात. नैवेद्यात भात, मीठ, पाणी, मासे, समुद्रशैवाल, भाज्या, फळे आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, असते. तांदूळ देवस्थानाच्या स्वतःच्या शेतातला, मीठ देवस्थानानेच तयार केलेले, आणि मातीची भाजलेली ताटे एकदाच वापरायची. आतला विधी पाहता येत नाही. परंतु सकाळी किंवा दुपारी योग्य वेळी तुम्ही तिथे असाल तर पांढऱ्या पोशाखातील पुरोहित जाताना दिसण्याची शक्यता असते. तेव्हा बाजूला उभे राहावे.

प्रवेशद्वाराजवळच्या तळ्याकाठी सेंगूकान हे संग्रहालय आहे. तिकीट काढून ते पाहाच. कुंपणाआड जे दिसत नाही त्या देवळाच्या एका भागाची मूळ आकाराची प्रतिकृती तिथे आहे, तसेच सेंगूसाठी घडवल्या जाणाऱ्या वस्तू कशा बनतात हे टप्प्याटप्प्याने मांडलेले आहे. त्याचा सुट्टीचा वार मात्र आधी पाहून ठेवा.

७. गेकूहून नाइकूकडे

गेकूसमोरच्या थांब्यावरून नाइकूला थेट बस मिळते. गर्दी नसेल तर पंधरा-वीस मिनिटे लागतात. सुट्टीच्या दिवशी हाच वेळ बराच वाढतो. चौघे जण असाल तर टॅक्सी परवडते.

८. नाइकू

नाइकूची सुरुवात उजि पुलापासून होते. इसुझु नदीवरचा हा सुमारे १०० मीटर लांबीचा लाकडी पूलही दर २० वर्षांनी नवा करतात. आताचा २००९ मधला आहे. पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरींकडे नीट पाहा. अलीकडची तोरी गेकूच्या आणि पलीकडची नाइकूच्या जुन्या देवळाचे आढे पेलणाऱ्या खांबांतून बनवलेली आहे. हे खांब २० वर्षे देवळात उभे होते, आता २० वर्षे तोरी म्हणून उभे राहतील, आणि त्यानंतर तोक्यो आणि क्योतो जोडणाऱ्या जुन्या तोकाइदो मार्गावर सेकि आणि कुवाना येथे पुन्हा तोरी होऊन उभे राहतील. उतरवलेल्या देवळांचे इतर लाकूडही असेच देशभरातील देवळांना दिले जाते.

पूल उतरून उजवीकडे वळले की बाग, मग पहिली तोरी, आणि उजव्या हाताला नदीकाठची उतरण. इथे कुंडाऐवजी थेट नदीत हात धुता येतात. घाटावर सपाट दगड बसवलेले आहेत. शोगुन, म्हणजे त्या काळचा लष्करी शासक, तोकुगावा त्सुनायोशी याची आई केइशोइन हिने १६९२ मध्ये ते अर्पण केले असे सांगतात. पाणी इतके नितळ असते की तळाचे गोटे मोजता यावेत. दगड ओले असताना घसरतात, म्हणून ज्येष्ठांचा हात धरावा. नदीत नाणी टाकू नयेत.

पुढे दाट झाडीतून वाट जाते. कित्येक सुगी, म्हणजे जपानी सीडर, वृक्षांच्या बुंध्यांना बांबूच्या कामट्या बांधलेल्या दिसतील. शतकानुशतके जगलेल्या या झाडांच्या साली हात लावून लावून झिजतात, म्हणून हे संरक्षण. हात जोडा, पण झाडाला मिठी मारून छायाचित्र काढण्याचा मोह आवरा. देवस्थानाच्या मालकीचे जंगल सुमारे ५,५०० हेक्टर आहे आणि १९२३ पासून सेंगूसाठी लागणारी हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची, झाडे तिथे २०० वर्षांच्या योजनेनुसार वाढवली जात आहेत.

वाटेच्या शेवटी दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांच्यावर नाइकूचे शोगू. छायाचित्रणाची सीमा या पायऱ्यांच्या खाली संपते. वर गेल्यावर कॅमेरा आणि फोन बंद ठेवा. पहारेकरी नम्रपणे पण ठामपणे अडवतात. सर्वांत मधल्या जागेसाठी रांगा लागतात. कडेला उभे राहून नमस्कार केला तरी तो तितकाच मानला जातो, त्यामुळे थांबायचे नसेल तर कडेने पुढे जा. वाऱ्याने कधी कधी समोरचा पांढरा पडदा अलगद उचलला जातो आणि आतले अंगण, त्यापलीकडचे दुसरे दार दिसते. दिसले तर तेवढेच, नाही दिसले तरी बिघडत नाही.

इथून लगेच परत फिरू नका; बहुतेकांचे इथेच चुकते. खाली उतरून आरामात्सुरी नो मियाच्या वाटेला लागलात की मिशिने नो मिकुरा हे भाताचे कोठार लागते. मुख्य देवळाच्या शैलीचेच हे लहान बांधकाम अगदी जवळून पाहता येते. जोते नाही, खांब सरळ जमिनीत रोवलेले. वर शाकारलेले जाड गवती छप्पर. आणि लाकडाला रंग नाही. पावसाने काळवंडलेले लाकूड, छपरावर उगवलेले शेवाळ, सांध्यांची घट्ट बसवणूक, हे सारे डोळ्यांच्या पातळीवर. पुढे आरामात्सुरी नो मियाच्या छपरावरचे वासे पाहा. त्यांची टोके आडवी कापलेली आहेत, तशीच नाइकूच्या शोगूची, आणि शोगूच्या आढ्यावर ओंडके दहा आहेत. गेकूत नऊ होते आणि टोके उभी होती. या वाटेवरच्या पायऱ्यांमध्ये एक भेगाळलेला दगड आहे, त्यावर पाय न ठेवण्याची रीत आहे. इतर लोक त्याला वळसा घालताना दिसतील. आरामात्सुरी नो मिया हेच ते देऊळ, जिथे वैयक्तिक मागणे मागण्याची मुभा मानली जाते.

परतीच्या वाटेवर छोटा पूल ओलांडून काझाहिनोमि नो मिया लागते. बहुतेक लोक तिकडे वळत नाहीत, म्हणून तिथे शांतता असते.

नाइकूला किमान दीड तास ठेवावा. खडीवर चालणे कठीण जाणाऱ्यांसाठी प्रवेशाजवळ चाकांच्या खुर्च्या विनामूल्य मिळतात, परंतु शोगूच्या पायऱ्या राहतातच. त्यांच्या पायथ्याशी उभे राहूनही नमस्कार करता येतो. आवारात पाण्याखेरीज खाणे-पिणे आणि धूम्रपान यांना मनाई आहे. पाळीव प्राणी आत नेता येत नाहीत.

९. कागुरादेन, ताईत आणि गोशुइन

दोन्ही देवस्थानांत कागुरादेन नावाची इमारत आहे. कोणाच्या आरोग्यासाठी, नव्या कामासाठी पुरोहिताकरवी प्रार्थना करवून घ्यायची असेल तर ती इथे होते, आणि संगीत-नृत्यासह होणारी कागुराही अर्पण करता येते. देणगीच्या रकमा लिहिलेल्या असतात. शेजारी ओमामोरी, म्हणजे जवळ बाळगायचे ताईत, आणि घरात ठेवायच्या कागदी-लाकडी पाट्या मिळतात. या वस्तूंसाठी घासाघीस करू नये. इतर देवस्थानांत हमखास मिळणाऱ्या भविष्याच्या चिठ्ठ्या इथे नाहीत. इसेला येणे हेच शुभ, अशी त्यामागची समजूत सांगतात.

गोशुइन म्हणजे भेटीची लाल मोहोर आणि तारीख, खास वहीत उमटवलेली. इसेची मोहोर अतिशय साधी असते. आधी नमस्कार, मग गोशुइन, हा क्रम पाळावा. वही दुसऱ्या कागदांनी भरलेली साधी डायरी असू नये.

कुंपणाच्या आत, थोडे अधिक जवळ जाऊन नमस्कार करण्याची सोय देवस्थानाला ठराविक देणगी देणाऱ्यांना मिळते. त्यासाठी पोशाखाचा दंडक कडक आहे : पुरुषांना गडद सूट आणि टाय, स्त्रियांना त्याच तोलाचा औपचारिक वेश. जीन्स किंवा खेळाचे बूट घालून आलेल्यांना देणगी देऊनही आत सोडत नाहीत.

१०. बाहेर पडल्यावर : ओहाराइमाची आणि जेवण

उजि पुलाच्या बाहेर ओहाराइमाची ही सुमारे ८०० मीटरची जुन्या धाटणीची बाजारपेठ आहे आणि तिच्या मध्यावर ओकागे योकोचो हा दुकानांचा समूह. एदो काळात, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, विशेषतः १७०५, १७७१ आणि १८३० मध्ये, साऱ्या जपानातून लाखो लोक इसेला लोटले. त्या यात्रांना ओकागे माइरी म्हणत. ज्यांना आजारपणामुळे येणे शक्य नव्हते ते गळ्यात पैसे बांधून आपला कुत्रा पाठवीत आणि वाटेतले लोक त्याला खाऊ-पिऊ घालून पुढे नेत. दुकानांत मिळणाऱ्या छोट्या पांढऱ्या कुत्र्यांच्या खेळण्यांमागे हीच कथा आहे. बहुतेक दुकाने संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात.

शाकाहारी वाचकांनी इथे सावध राहावे. इसे उदोन हा जाड, मऊ शेवयांचा पदार्थ दिसायला निर्धोक वाटतो, पण त्याच्या काळसर रश्शात सुकवलेल्या माशांचा अर्क असतो. तेकोने झुशी तर उघडच माशाची. ‘मासे नको’ म्हटल्यावर वरचे तुकडे काढून देतील, पण रश्शाचा प्रश्न उरतो, म्हणून अर्काबद्दल वेगळे विचारावे, किंवा स्थानकावरून ओनिगिरी (भाताचे गोळे) आणि फळे घेऊन ठेवावीत. १७०७ पासून चालत आलेले आकाफुकु मात्र नि:शंकपणे खावे : चिकट तांदळाच्या मऊ गोळ्यावर आझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण, आणि त्यावर बोटांनी उमटवलेल्या तीन लाटा. त्या लाटा इसुझु नदीच्या प्रवाहाच्या आणि खालचा पांढरा गोळा तिच्या तळातल्या गोट्याचा. मुख्य दुकान पहाटे ५ लाच उघडते, त्यामुळे सकाळी नाइकूहून लवकर परतलात तरी गरम चहासोबत ते मिळते. बांधून घेतलेला डबा फार दिवस टिकत नाही; भारतात नेण्यासाठी घेऊ नका.

११. आणखी अर्धा दिवस असेल तर

पूर्वीचे यात्रेकरू इसेला जाण्याआधी फुतामीच्या किनाऱ्यावर समुद्रस्नान करून शुद्ध होत. तिथे समुद्रात जाड दोराने जोडलेले मेओतो इवा हे दोन खडक आहेत आणि उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास त्यांच्या मधून सूर्य उगवतो. इसे-शिहून जेआरच्या गाडीने फुतामिनोउरा स्थानकावर उतरून किनाऱ्याने चालत जावे. क्रम पाळायची इच्छा असेल तर आदल्या दुपारी फुतामी, रात्री इसेत मुक्काम, पहाटे गेकू आणि मग नाइकू असे आखावे. या गाड्या कमी असतात, म्हणून फुतामिनोउराला उतरल्याबरोबर परतीच्या वेळापत्रकाचे छायाचित्र काढून ठेवा.